एक खांदा उघडा

गोरेवाड्यापलीकडच्या बंद खदानीत
अश्मयुगाचं शूटिंग होतं. मे महिना, सेहेचाळीस डिग्री.
मला ‘तज्ज्ञ’ म्हणून बोलावलं होतं.
अजब बंगल्यात बावीस वर्षं दगडांवर नंबर घालते मी,
पांढऱ्या रंगाने, बारीक ब्रशने.
मानधन नाही. जेवण, आणि जाण्यायेण्याचा ऑटो.

दिग्दर्शक निषाद वैरागडे, वय एकोणतीस,
म्हणाला, मॅडम, चूक दिसली की लगेच सांगा.
मी सांगितली :
जुनापाण्याची दगडी वर्तुळं मागे दाखवू नका,
ती लोखंड आल्यानंतरची आहेत,
तुमच्या टोळीला तिथं पोचायला काही हजार वर्षं चालावं लागेल.
तो म्हणाला, पण ड्रोनमधून काय दिसतात!

हिरॉइनच्या केसांत गुंता होता,
दोन तास बसून, विंचरून विंचरून केलेला.
भुवया कोरलेल्या. त्यावर मी बोलले नाही.
टोळीत एकही म्हातारं माणूस नव्हतं.
म्हणे, तेव्हा तिशीतच मरत ना सगळे?
अहो, ती सरासरी.
सरासरीत बाळं असतात,
नाव ठेवायच्या आत गेलेली.
जी जगली, त्यांतल्या काहींचे दात झिजले, गुडघे दुखले,
कुणीतरी त्यांना चावून घास दिला असेल.
त्याने वहीत लिहून घेतलं : ‘बाळ – इमोशनल?’

मग आगीचा सीन.
सिनेमात आग नेहमी एकालाच सापडते,
पुरुषालाच, वीज पडल्यावर,
आणि पुढे संगीत वाढत जातं.
विझलेली आग कुणाला दाखवायची नसते.
पहाटे राख उकरत बसलेली बाई,
ओढ्यापलीकडच्यांकडे निखारा मागायला निघालेली,
कालच त्यांच्याशी भांडण झालेलं.

तुकेश उईके, रामटेककडचा, टोळीतला सहावा माणूस.
त्याला सांगितलं, बोलायचं नाही. फक्त गुरगुर.
भाषा नव्हती तेव्हा.
तो भाला खाली टेकवून म्हणाला,
‘सर, मंग हरणाच्या मागं कोन कुठून जाते,
हे कसं ठरवत होते?’
सगळे हसले.
तुकेश नाही हसला. मीही नाही.
ब्रेकमध्ये तो फोनवर आईशी बोलत होता, तिच्या बोलीत,
अंगावर बिबट्या, हातात चहा.
तेवढं कुणी शूट केलं नाही.

बिबट्या इतवारीतला होता. सोफ्याचं कापड, मीटरवर.
परवीन आपा मशीनवर बसून कडा मारत होत्या.
मी विचारलं, सगळ्यांचा एक खांदा उघडा का?
‘सिनेमात तसाच असते ना बाई.
नाहीतर लोकांना कळते कसं, जुना जमाना हाय म्हनून?’
मग सुई दातात धरून, हळूच :
‘मी असती तर दोन्ही खांदे शिवले असते.
पोरीची कातडी पाहा, उन्हानं सोलून राहिली.’

हाडाच्या सुयांवर मी किती वाचलंय.
त्या वाक्यानंतर मला
त्यातलं एक पान आठवेना.

सिनेमा झाला, पुण्यात दाखवला म्हणे.
शेवटच्या पाटीवर ‘संशोधन सल्ला’, खाली माझं नाव,
ढोके ऐवजी ठोके.
मी फोन करणार होते. केला नाही.

कारण मंगळवारी शाळेची सहल आली.
पोरांच्या हातात द्यायला एक तासणी बाहेर ठेवलेली असते,
कुठे सापडली त्याची नोंद नाही, म्हणून नंबरही नाही.
मी ती डाव्या हातात धरते,
अंगठा बरोब्बर खळग्यात बसतो,
आणि दरवेळी सांगते :
‘बघा, ही बाई डावखुरी होती.’

बाई. डावखुरी.
पुरावा शून्य.
एका चिमुरडीने डोळे मोठे करून विचारलं,
तिचा डबा कोण करायचं?

मी घसा खाकरला.
‘तिचीही एक मोठी बहीण होती…’